१४ एप्रिल १९४४ : विमान न येता पेटलेली मुंबई

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त बडनेरा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'युद्ध आणि बुद्ध' हा विषय दिला. विषय एवढा मोठा आणि मला वेळ पाऊण तास. शिवाय माझ्यानंतर भोजनदान आहे, म्हणजे पाऊण तासही खरा नाही. "जगाला युद्ध नको, बुद्ध हवा" ही पाटी आपण दरवर्षी नव्याने रंगवतो आणि मिरवणुकीत पुढे धरतो. पाटी चांगलीच आहे. पण युद्धात साध्या, पोटासाठी राबणाऱ्या माणसाचे काय होते, हे त्या पाटीवरून कळत नाही. म्हणून मी आज फक्त एका दुपारबद्दल बोलणार आहे. तारीख १४ एप्रिल, साल १९४४, वार शुक्रवार.

१४ एप्रिल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निळे झेंडे येतात. पण त्याच दिवशी देशभरातले अग्निशमन दलाचे जवान आपल्या केंद्रांवर मानवंदना देतात, छातीला छोटासा ध्वज लावतात आणि तिथून आठवडाभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपल्या पोरांना विचारले तर ती म्हणतील, बंबवालेही बाबासाहेबांची जयंती करत असतील. करत असतील तर आनंदच आहे. पण ती मानवंदना मुंबईच्या गोदीत मेलेल्या ६६ जवानांसाठी असते. ते कसे मेले, तेच आज सांगायचे आहे.

आधी त्या काळाची थोडी कल्पना यावी. दुसरे महायुद्ध चालू होते. बाबासाहेब जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि त्या दिवशी त्यांना ५३ वर्षे पूर्ण होत होती. जपानी फौजा ब्रह्मदेश घेऊन इंफाळ-कोहिमापर्यंत येऊन भिडल्या होत्या. जपानी विमानांची दहशत तर त्याआधीपासूनची. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर पहिला हल्ला झाला. विमाने कशी दिसतात हे पाहायला लोक रस्त्यावर आले आणि पाहता पाहता मेले. त्यात पोटासाठी तिथे गेलेले हिंदी लोक कितीतरी होते. जे वाचले ते लाखोंच्या संख्येने जंगलातून, डोंगरातून पायी आसामकडे निघाले आणि वाटेत तापाने, उपासमारीने अनेक पडले. हेच ते रंगून, जिथे पुढे डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो, विशाखापट्टणम, काकिनाडा यांच्यावर बॉम्ब पडले. डिसेंबर १९४२ पासून कलकत्त्यावर पडू लागले. ५ डिसेंबर १९४३ ला तर भरदिवसा कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर हल्ला झाला आणि गोदीतले शेकडो मजूर ठार झाले.

मग मुंबईने काय करावे? खिडक्यांना काळे कागद लागले, रात्री दिवे झाकले, भोंगे बसवले, हवाई हल्ल्यापासून बचावाची पथके उभी राहिली. सगळे शहर मान वर करून आकाशाकडे पाहत बसले होते. आणि आग आली ती खालून, गोदीत बांधलेल्या आपल्याच पक्षाच्या बोटीतून.

त्या बोटीचे नाव 'फोर्ट स्टिकिन'. कॅनडात १९४२ साली बांधलेली, सात हजार टनांवरची मालवाहू बोट. २४ फेब्रुवारी १९४४ ला ती इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाली. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा होता. तोफगोळे, पाणतीर, सुरुंग, सगळे होते, आणि त्यातला २३८ टन माल अगदी चटकन भडकणारा. सोबत सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या. कराचीत काही माल उतरला आणि जागा रिकामी झाली. रिकामी जागा कोणत्या व्यापाऱ्याला आणि कोणत्या सरकारला बघवते? त्या जागेत कापसाच्या हजारो गठाणी भरल्या, शिवाय तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड. दोन नंबरच्या तळघरात खाली कापूस आणि वर दारूगोळा, अशी ती रचना झाली.

आता इथे मला तुम्हाला काही समजावून सांगायची गरज नाही. आपण वऱ्हाडची माणसं. कापूस काय चीज आहे ते आपल्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. जिनात, प्रेसमध्ये ज्यांनी काम केले, इथल्या विजय मिलमध्ये ज्यांच्या घरच्यांचा जन्म गेला, ते सांगतील. सुटी रुई भडकते आणि विझते. पण दाबलेली गठाण भडकत नाही, ती धुमसते. आत हवा कोंडलेली असते, तेवढ्यावर ती तासन्‌तास जळत राहते. वरून बघाल तर धूर एवढासा, आणि आत निखारा. पाणी मारले की वरचा थर भिजतो, पाणी आत जात नाही. तेलकट झालेली रुई तर नुसती दाबून ठेवली तरी आपली आपण तापते. म्हणून जिनात बिडी ओढणाऱ्याला मुकादम हाकलून देतो. जिनातल्या आपल्या मुकादमाला जे कळत होते, ते एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या माल भरणाऱ्या अधिकाऱ्यांना कळत नव्हते, असे मी म्हणणार नाही. कळत होते. पण युद्धाची घाई होती, बोटी कमी होत्या, आणि 'चालते' हा शब्द इंग्रजांनाही येत होता.

१२ एप्रिलला बोट मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागली. दारूगोळा असलेल्या बोटीवर धोक्याचे लाल निशाण लावायचे असते. ते लावले नव्हते. दारूगोळा सगळ्यात आधी उतरवायचा असतो. तो दोन दिवसांनीही बोटीतच होता.

१४ तारखेला दुपारी जेवणाची सुट्टी संपवून मजूर परत कामाला आले, तेव्हा दोन नंबरच्या तळघरातून धूर दिसू लागला. शेजारच्या बोटींवरच्या लोकांनी तर तो आधीच पाहिला होता. फायर ब्रिगेडला खबर द्यायलाही उशीर झाला. बंब आले, नळ लागले, ९०० टनांवर पाणी आत गेले. पण आग कुठे आहे तेच सापडेना. पाणी ओतावे तर ते उकळू लागले. बोटीच्या पत्र्यावरचा रंग एके ठिकाणी फुगून आला, म्हणजे त्याच्या मागे निखारा आहे हे कळले, पण तिथवर पोचायचे कसे? अधिकारी जमले. एकाचे म्हणणे बोट ओढून बाहेर समुद्रात न्या, दुसऱ्याचे म्हणणे इथेच बुडवा. बोट कप्तानाची, गोदी पोर्ट ट्रस्टची, दारूगोळा लष्कराचा आणि आग फायर ब्रिगेडची. सगळ्यांना मिळून हुकूम देणारा एकही माणूस नाही. असे दोन तास गेले. बंबवाले मात्र त्या तापलेल्या लोखंडावर उभे राहून पाणी मारत होते.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी बोट सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला.

बोटीचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरपर्यंतच्या खिडक्यांची तावदाने फुटली आणि आवाज ८० किलोमीटरवर ऐकू गेला. सतराशे किलोमीटर दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर धक्क्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाची एक आख्खी बोट पाण्यातून उचलली जाऊन तिचा मागचा भाग गोदामाच्या छपरावर जाऊन बसला. पेटलेल्या कापसाच्या गठाणी आकाशात उडाल्या आणि शहरावर पाऊस पडावा तशा पडल्या. जिथे पडल्या तिथे नवी आग लागली. गोदामे, लाकडाच्या वखारी, धक्क्यालगतच्या झोपड्या, जुन्या चाळी, सगळे पेटले. लोक विझवायला, आपली माणसे शोधायला धावले आणि अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. धावत आलेले त्यात गेले.

आणि रस्त्यावर एकच ओरड झाली : जपान्यांनी बॉम्ब टाकला! त्यांना दोष कसा देणार? दोन-अडीच वर्षे ज्याची वाट पाहिली तेच झाले असे वाटणारच. आकाशातून आग पडताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. सरकारने वर्तमानपत्रांवर बंदी घातली. मुंबई जळाली हे जगाला १५ एप्रिलला जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने सांगितले. आपल्याकडच्या बातमीदारांना सविस्तर लिहायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. खरी बातमी कोंडली की अफवा मोकळी सुटते. आपल्या बडनेरा जंक्शनला हे वेगळे सांगायला नको. छापायची बंदी असली तरी मुंबईची गाडी इथे थांबतच होती ना?

आग काबूत यायला तीन दिवस लागले. अकरा बोटी बुडाल्या किंवा निकामी झाल्या. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळाले, आणि तेही कधी, तर बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठ. ८० हजार लोक बेघर झाले. पन्नास हजारांचा रोजगार गेला. चौकशी आयोग बसला. हवाई हल्ला नाही, घातपात नाही, तर कापसात लागलेली आग हे कारण ठरले. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरणे, लाल निशाण नसणे, माल उतरवण्यातला उशीर, खबर देण्यातला उशीर, हे सगळे दोष आयोगाने लिहून ठेवले.

उपासक-उपासिकांनो, इथे मी जरा थांबतो. वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. भगवंतांनी दुःख सांगितले आणि लगेच दुःखाचे कारण शोधायला सांगितले. कारण शोधायचे म्हणजे जो शत्रू आधीच मनात बसला आहे त्याचे नाव घेऊन मोकळे व्हायचे नाही. मुंबईत त्या दिवशी "जपानी" म्हणणे सोपे होते. त्यात सगळ्यांचीच सोय होती. कापूस कोणी भरला, निशाण का लावले नाही, हे मग कोण विचारतो?

याचा अर्थ विमानातून आग टाकणारे निर्दोष होते असा कोणी घेऊ नये. त्या युद्धात सगळ्याच बाजूंनी शहरे जाळली. पुढच्याच वर्षी ९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेच्या पावणेतीनशेवर विमानांनी तोक्योवर आगीचे बॉम्ब टाकले. घरे लाकडाची आणि कागदाची. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली, ४१ चौरस किलोमीटर शहर राख झाले. तिथे असाकुसा भागात सेन्सोजी नावाचे फार जुने बौद्ध मंदिर आहे. १९२३ च्या भूकंपात सगळीकडे आगी लागल्या तेव्हा ते वाचले होते. म्हणून त्या रात्री लोक पोराबाळांना घेऊन तिकडे धावले. या वेळी मंदिरही जळाले. १९५८ साली ते पुन्हा बांधले. ज्या जपान्यांची मुंबईला भीती होती, त्या जपानातली साधी माणसे ही अशी मेली. मजूर, बाया, लेकरं. गोदीतल्या आपल्या माणसांत आणि त्यांच्यात मला तरी काही फरक दिसत नाही.

आता गोदीतल्या माणसांकडे परत येऊ. त्या काळी धक्क्यावरचे हमालीचे काम टोळीवाल्यामार्फत चाले. सकाळी उभे राहायचे, टोळीवाला बोट दाखवील तो कामाला, बाकीचे घरी. आज या बोटीवर, उद्या त्या. पोर्ट ट्रस्टच्या वहीत त्याचे नाव असेलच असे नाही. आपण घेतलेल्या पेटीत काय आहे हे त्याला कोण सांगणार? आणि नाव वहीत नसलेला माणूस मेला तर मोजणार कोण? म्हणून बघा, मेलेल्यांचा आकडा कोणी ८०० सांगतो, कोणी १३०० सांगतो. पाचशे माणसांचा फरक! पण सोन्याच्या पेट्या ३१ होत्या, हे सगळ्यांना पक्के ठाऊक आहे. एक वीट उडून जवळजवळ मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली. त्या भल्या माणसाने ती सरकारजमा केली. गोदीतला गाळ काढताना पुढे कितीतरी वर्षे विटा सापडत राहिल्या. सोने तळातून उपसून मोजले गेले. माणसांच्या आकड्यातला फरक आज ऐंशी वर्षे उलटली तरी तसाच आहे.

गोदीचा ढिगारा उपसायला ८ हजार माणसे सात महिने खपली. पाच लाख टनांचा ढिगारा. तेही काम शेवटी डोक्यावर टोपली घेणाऱ्यांनीच केले.

या ठिकाणी बाबासाहेबांचे एक काम सांगितले पाहिजे, कारण जयंतीच्या भाषणात ते सहसा येत नाही. संविधान, चवदार तळे, धम्मदीक्षा आपण सांगतो. पण मजूर मंत्री म्हणून १९४३ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात युद्धातील इजांच्या नुकसानभरपाई विम्याचे विधेयक मांडले आणि त्याच साली त्याचा कायदा झाला. कामगाराला युद्धामुळे इजा झाली किंवा तो मेला, तर भरपाईची जबाबदारी मालकावर, आणि त्यासाठी मालकाने सरकारकडे विमा उतरवायचा. सरकार दया करील तेव्हा मदत, ही गोष्ट वेगळी. आणि अमुक माणूस कामावर होता, त्याचे नाव हे, त्याची मजुरी ही, म्हणून त्याच्या घरच्यांचा एवढा हक्क, ही गोष्ट वेगळी. कामगार वहीत आला पाहिजे, हा त्यातला मुद्दा. मुंबईच्या स्फोटानंतर सरकारने भरपाईची जबाबदारी घेतली, खास वटहुकूम काढला. पण ज्याच्याकडे पावती, पॉलिसी, भाडेचिठ्ठी होती त्याचे नुकसान कागदावर दाखवता आले. ज्याच्याकडे काहीच नव्हते, त्याने काय दाखवावे? गोदी कामगारांची नोंद ठेवून त्यांना नियमित काम देण्याचा कायदा स्वातंत्र्यानंतर १९४८ साली आला.

मागे एकदा एका तरुण उपासकाने मला विचारले होते, "सर, भगवंतांनी उपासकाला शस्त्रांचा व्यापार निषिद्ध सांगितला. मग गोदीत दारूगोळा उतरवणारा मजूर दोषी की नाही?" प्रश्न चांगला आहे. पण धम्मात कर्म म्हणजे चेतना, म्हणजे जाणूनबुजून केलेला संकल्प. पेटीत काय आहे हे ज्याच्यापासून लपवले, त्याची चेतना कोणती? त्याला आठ-बारा आणे घेऊन घरी जायचे होते. ज्यांना माहीत होते, ज्यांच्या हातात कागद होता, त्यांची गोष्ट वेगळी. अविद्या दोन प्रकारची असते असे मला वाटते. एक आपली स्वतःची आणि दुसरी आपल्यावर लादलेली. पहिलीसाठी विहार आहे. दुसरीसाठी बाबासाहेबांनी संघटित व्हायला सांगितले.

हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणेल. ४ ऑगस्ट २०२० ला लेबनॉनच्या बैरूत बंदरात स्फोट झाला. २७५० टन अमोनियम नायट्रेट कित्येक वर्षे गोदामात पडून होते. दोनशेहून अधिक माणसे मेली. आग विझवायला दहा जणांचे पथक पाठवले. त्या गोदामात काय आहे हे त्यांना सांगितलेच नव्हते. दहाही गेले. मुंबईनंतर ७६ वर्षांनी! आपल्याच वस्तीतली पोरे आज एमआयडीसीत, गोदामात, ट्रकवर काम करतात. पिंपावर काय लिहिले आहे हे त्यांनी वाचावे, लिहिलेले नसेल तर विचारावे, आणि विचारले म्हणून उद्यापासून येऊ नको म्हटले तर चौघांनी मिळून विचारावे. आपल्यातल्या रेल्वेतल्या जुन्या मंडळींनी मालधक्क्यावर धोक्याच्या मालाची लेबले पाहिलेली आहेत. त्यांनी एखाद्या रविवारी विहारात पोरांना बसवून ती समजावून सांगितली तर मी सगळ्यात पुढे येऊन बसेन.

शेवटी समितीला दोन विनंत्या. पहिली, येत्या १४ एप्रिलला सकाळी वंदना झाली की पाच-दहा जणांनी अग्निशमन केंद्रावर जावे, तिथल्या जवानांना फुले द्यावीत, आणि जमले तर दुपारच्या भोजनाचे निमंत्रणही द्यावे. दुसरी विनंती जरा खाजगी आहे, पण सर्वांसमोरच करतो. मागच्या जयंतीच्या मंडपात कापडी झालर, त्यावर विजेच्या माळा, आणि मागेच भोजनदानाची भट्टी होती. वाळूच्या चार बादल्या आणि आग विझवायचे एक नळकांडे समितीने यंदा वर्गणीतून घ्यावे. माझी वर्गणी मी आजच अध्यक्षांकडे देऊन जातो.

भोजनाची वेळ झाली आहे. जय भीम, नमो बुद्धाय.